मागची खुर्ची आणि पुढची खुर्ची

१. प्रश्न लोकांचा

काल-परवापर्यंत मंत्री असलेला माणूस आज न्यायासनावर बसला, तर तो न्याय करील की जुन्या सोबत्यांची पाठराखण करील? हा प्रश्न विधी महाविद्यालयाच्या वर्गात जितका विचारला जातो, तितकाच एसटी स्टँडवरच्या बाकावरही. बहुतेकांचं उत्तर तयार असतं: ज्याने राजकारण केलं, त्याच्या हाती तराजू देऊ नये. आपल्या इतिहासात या उत्तराला छेद देणारी माणसं आहेत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग काँग्रेसच्या उभारणीत होते आणि १८८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ च्या केरळ सरकारात मंत्री होते, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले आणि कैद्यांच्या हक्कांविषयीच्या निकालांसाठी आजही आठवले जातात. पण दोन चांगली नावं घेऊन प्रश्न मिटत नाही. विचारणारा म्हणेल, हे अपवाद. त्याचं समाधान करायचं तर असा माणूस शोधायला हवा, जो राजकारणात गळ्यापर्यंत बुडालेला होता आणि न्यायाधीश झाल्यावर ज्याच्यापुढे त्याच्याच जुन्या कामाचा खटला येऊन उभा राहिला.

असा माणूस एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत होऊन गेला. त्याचं नाव सॅमन पोर्टलंड चेस. वकील, सेनेटर, ओहायो राज्याचा गव्हर्नर, अब्राहम लिंकनचा अर्थमंत्री आणि १८६४ पासून १८७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत अमेरिकेचा सरन्यायाधीश. या सगळ्या पदांवर असताना त्याच्या मनात आणखी एक पद कायम होतं, ते राष्ट्राध्यक्षाचं. ते त्याला कधीच मिळालं नाही. चेसचं आयुष्य तपासताना मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. न्यायाधीश कुठून आला याची आपण जितकी चौकशी करतो, तितकी त्याला अजून कुठे जायचं आहे याची करत नाही. खरा धोका मात्र या दुसऱ्या बाजूने येतो. मागच्या खुर्चीने चेसला फारसं बिघडवलं नाही. पुढच्या खुर्चीने त्याच्या चांगल्या कामावरही डाग पाडला. हे म्हणणं पुराव्याने उभं राहतं का, ते पाहायचं आहे.

२. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे

चेसचा जन्म १३ जानेवारी १८०८ चा, न्यू हॅम्पशर राज्यातल्या कॉर्निश गावचा. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. काका ओहायोत बिशप होते, त्यांनी काही वर्षं त्याला सांभाळलं. कडक शिस्त, पहाटेची प्रार्थना, शेतातली कामं असं ते बालपण होतं. १८२६ मध्ये डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन तो वॉशिंग्टनला गेला, शाळा चालवून पोट भरत त्याने विल्यम वर्ट या देशाच्या महान्यायवादींच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास केला आणि १८३० मध्ये सिनसिनाटीला वकिली थाटली. अशिलं फार नव्हती. हाताशी वेळ होता, म्हणून त्याने ओहायो राज्याचे सगळे कायदे गोळा करून तीन खंडांत छापले. वकिलांच्या टेबलांवर ते खंड गेले आणि त्यांच्यासोबत त्याचं नावही.

सिनसिनाटी ओहायो नदीच्या काठावर आहे. त्या काळी नदीच्या अलीकडे ओहायो राज्यात गुलामगिरीला बंदी होती आणि पलीकडे केंटकीत माणसं बाजारात विकली जात. १८३६ मध्ये गुलामगिरीविरोधी वृत्तपत्र काढणाऱ्या जेम्स बर्नीच्या छापखान्यावर शहरातल्या जमावाने हल्ला केला, तेव्हा चेस जमावाच्या विरोधात उभा राहिला. पुढच्याच वर्षी मटिल्डाचा खटला आला. मटिल्डा एका मिसूरीच्या मालकाची गुलाम. तो तिला घेऊन बोटीने चालला असताना बोट सिनसिनाटीला लागली, आणि मटिल्डा उतरून निघून गेली. बर्नीच्या घरी ती मोलकरीण म्हणून राहिली. मालकाचा माणूस तिला पकडायला आला तेव्हा तिच्या बाजूने चेस न्यायालयात उभा राहिला.

त्याचा युक्तिवाद समजून घ्यायला हवा, कारण त्याचं पुढचं सगळं राजकारण त्यातून निघालं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिथे बाटली जवळ बाळगणं गुन्हा, पण हद्द ओलांडून नागपूर जिल्ह्यात पाऊल टाकलं की तो कायदा मागे राहतो, माणसाच्या अंगाला चिकटून पुढे येत नाही. चेस म्हणत होता, गुलामगिरीचंही तसंच आहे. माणूस निसर्गतः स्वतंत्र असतो. त्याला गुलाम ठरवणारा कायदा हा एका राज्याच्या हद्दीपुरता कायदा. मालकाने स्वतःहून गुलामाला त्या हद्दीबाहेर आणलं, की तो कायदा गळून पडतो आणि उरतो तो फक्त स्वतंत्र माणूस. म्हणून बंधन स्थानिक आहे आणि स्वातंत्र्य साऱ्या देशाचं आहे. न्यायाधीशाने हे ऐकून घेतलं आणि अमान्य केलं. मटिल्डाला दक्षिणेत नेऊन विकण्यात आलं.

पळून आलेल्या गुलामांना गाडीत बसवून नेणाऱ्या जॉन व्हॅन झांट या शेतकऱ्याचा खटला चेसने थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि १८४७ मध्ये तोही हरला. असे खटले तो बहुधा फी न घेता लढे. पळालेल्या गुलामांचा महान्यायवादी असं त्याला लोक म्हणू लागले होते, काही कौतुकाने, बरेच जण हिणवून. न्यायालयात हरलेला युक्तिवाद त्याने मग निवडणुकीच्या मैदानात आणला. आधी लिबर्टी पक्ष, मग फ्री सॉइल पक्ष, शेवटी रिपब्लिकन पक्ष, असे पक्ष तो बदलत गेला, पण युक्तिवाद तोच राहिला.

तरीही चेसला संत मानण्याची गरज नाही. १८४९ मध्ये तो सेनेटर झाला ते ओहायो विधिमंडळातल्या एका सौद्यातून. त्या काळी सेनेटरची निवड जनता करत नसे, राज्याचं विधिमंडळ करी. डेमोक्रॅट आणि फ्री सॉइल सदस्यांनी हातमिळवणी केली. तिच्यातून कृष्णवर्णीयांना राज्यात राहण्यासाठी जामीन भरायला लावणारे आणि गोऱ्यांविरुद्ध साक्ष देण्यास मनाई करणारे ओहायोचे जुने कायदे रद्द झाले, आणि त्याच हातमिळवणीतून चेसला सेनेटची जागाही मिळाली. तत्त्व आणि महत्त्वाकांक्षा एकाच गाठोड्यात बांधून आली. चेसच्या आयुष्यात ती पुढेही फारशी वेगळी झाली नाहीत, आणि त्याच्याविषयीचा निवाडा अवघड होतो तो यामुळेच. १८५६ ते १८६० तो ओहायोचा गव्हर्नर होता. १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी तो उभा राहिला, पण ती लिंकनला मिळाली. लिंकनने निवडून आल्यावर त्याला अर्थमंत्री केलं.

३. हिरव्या नोटेचं कोडं

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. सैन्याला पगार, बूट, दाणागोटा, तोफा, सगळं रोज लागत होतं आणि तिजोरीत सोनं पुरेसं नव्हतं. वर्षअखेर बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. २५ फेब्रुवारी १८६२ ला संसदेने कायदा करून १५ कोटी डॉलरच्या कागदी नोटा काढल्या. पुढे ही मर्यादा वाढत ४५ कोटींवर गेली. नोटेची मागची बाजू हिरव्या शाईत छापलेली, म्हणून लोक तिला ग्रीनबॅक म्हणू लागले.

इथे एक कल्पना स्पष्ट करून घेऊ. कायदेशीर चलन म्हणजे काय? आपल्या पाचशेच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं वचन छापलेलं असतं. पण दुकानदार ती नोट घेतो तो त्या वचनाचा अर्थ लावून घेत नाही. देणं चुकवायला ही नोट पुरेशी आहे असं कायद्याने ठरवलेलं आहे, हे त्याला ठाऊक असतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा तशाच हातात होत्या. कागद तोच, शाई तीच, सही तीच. गेला होता तो फक्त कायद्याचा आधार. ग्रीनबॅकची ताकदही या आधारातच होती. तिच्यामागे सोनं ठेवलेलं नव्हतं, पण कोणाचंही खाजगी देणं तिने फिटेल असं कायदा सांगत होता, आणि घेणेकऱ्याला ती नाकारता येत नव्हती.

आता एक साधं उदाहरण. सुगीआधी एकाने दुसऱ्याला दहा पोती ज्वारी उसनी दिली. फेडायची वेळ आली तेव्हा गावाने ठराव केला की ज्वारीऐवजी चिठ्ठी दिली तरी चालेल, आणि नकार द्यायचा नाही. चिठ्ठ्या जितक्या जास्त वाटल्या गेल्या, तितकी एका चिठ्ठीला मिळणारी ज्वारी कमी होत गेली. ज्याने ज्वारी दिली होती त्याच्या हाती शेवटी चार पोत्यांइतकी चिठ्ठी आली. ग्रीनबॅकचं असंच झालं. १८६४ च्या जुलैत, युद्ध वाईट वळणावर असताना, १०० डॉलरच्या नोटांना सोन्याचे ४० डॉलरही मिळत नव्हते.

चेस सोन्या-चांदीच्या नाण्यावर विश्वास ठेवणारा जुन्या वळणाचा माणूस. कायदा होण्यापूर्वी त्याने संसदेच्या समितीला लिहून कळवलं होतं, की नाण्याखेरीज दुसऱ्या कशालाही सक्तीचं चलन करणं मला मुळीच आवडत नाही. पण युद्ध हरण्यापेक्षा हे बरं, म्हणून त्याने होकार दिला. हा कागद लक्षात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग आहे. एकदा होकार दिल्यावर मात्र त्याने काम जीव ओतून केलं. कर्जरोखे सामान्य घरांपर्यंत पोचवले, १८६३ मध्ये देशव्यापी बँकांची व्यवस्था उभी केली. एक डॉलरच्या नोटेवर त्याने छापला स्वतःचाच चेहरा. शिपायाच्या पगारात, किराणा दुकानात, शेतकऱ्याच्या खिशात तो चेहरा फिरू लागला.

मंत्रिमंडळात बसून तो लिंकनची जागा घेण्याची खटपट करत होता, हेही खरं. १८६४ च्या फेब्रुवारीत कॅन्ससचे सेनेटर पॉमरॉय यांच्या सहीचं एक पत्रक फुटलं. लिंकन पुन्हा निवडून येऊ शकणार नाही, चेस हाच योग्य उमेदवार, असं त्यात होतं. ते अंगाशी आलं. चेसने आधी काही वेळा राजीनामे पुढे केले होते आणि लिंकनने ते परत केले होते. ३० जून १८६४ ला लिंकनने या वेळचा राजीनामा स्वीकारला.

४. लिंकनचा हिशोब

१२ ऑक्टोबर १८६४ ला सरन्यायाधीश रॉजर टेनी वारले. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असं १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात लिहिणारे ते हेच टेनी. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला निवृत्तीचं वय नसतं. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सेनेट मान्यता देतं, आणि मग तो माणूस स्वतः उठेपर्यंत किंवा मरेपर्यंत त्या जागी राहतो. म्हणून एक नेमणूक म्हणजे एका पिढीचा निर्णय. लिंकनने ६ डिसेंबरला चेसचं नाव पाठवलं आणि सेनेटने त्याच दिवशी मान्य केलं.

आपल्याविरुद्ध खटपट करणाऱ्या माणसाला लिंकनने एवढं मोठं पद का दिलं? संसद सदस्य जॉर्ज बाउटवेल यांनी पुढे नोंदवलेल्या आठवणीप्रमाणे लिंकनचा हिशोब सरळ होता. गुलाममुक्ती आणि युद्धकाळातल्या नोटा हे दोन निर्णय न्यायालयात टिकायला हवेत. होणाऱ्या न्यायाधीशाला तू काय निकाल देशील असं विचारता येत नाही, आणि त्याने उत्तर दिलं तर तो मनातून उतरेल. म्हणून ज्याची मतं जगाला आधीच ठाऊक आहेत असा माणूस निवडायचा. थोडक्यात, लिंकन मागच्या खुर्चीवर भरवसा ठेवत होता. चेसचं राष्ट्राध्यक्षपदाचं वेड सुटेल का, ही एक शंका मात्र त्याला होती.

गुलाममुक्तीपुरता लिंकनचा हिशोब बरोबर निघाला. १ फेब्रुवारी १८६५ ला चेसच्या न्यायालयात जॉन रॉक या कृष्णवर्णीय वकिलाला सर्वोच्च न्यायालयात वकिली करण्याची परवानगी मिळाली. तो पहिलाच. टेनींना जाऊन चार महिनेही झाले नव्हते. आणखी बोलका आहे तो एलिझाबेथ टर्नरचा खटला. मेरीलँड राज्याने १ नोव्हेंबर १८६४ ला गुलामगिरी संपवली. दोन दिवसांनी या मुलीला तिच्या जुन्या मालकाकडेच उमेदवार म्हणून करारावर बांधून टाकलं गेलं. उमेदवारी म्हणजे काम शिकण्यासाठी दिलेली मुदतीची नोकरी. गोऱ्या मुलाच्या करारात मालकाने त्याला लिहायला, वाचायला आणि हिशोब शिकवायचा असे. एलिझाबेथच्या करारात ती अट नव्हती, आणि मालकाला तिला दुसऱ्याच्या हवाली करण्याची मुभा होती. १८६७ मध्ये बाल्टिमोरला बसून चेसने निकाल दिला: नाव उमेदवारीचं असलं तरी ही सक्तीची चाकरीच आहे, घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने ती निषिद्ध आहे, मुलीला मोकळं करा.

कोणी म्हणेल, हा तर जुन्या पक्षाचाच कार्यक्रम न्यायासनावरून राबवणं झालं. आक्षेप गंभीर आहे, पण तो टिकत नाही. मटिल्डाच्या वेळी कायदा चेसच्या बाजूने आहे की नाही हे वादाचं होतं. एलिझाबेथच्या वेळी घटनेत स्पष्ट वाक्य आलेलं होतं, आणि ते गाळून वाचण्याचा मोह तेव्हाच्या अनेक न्यायाधीशांना होत होता. चेसने ते वाक्य जसं लिहिलं होतं तसं वाचलं. अनेक वर्षं नदीकाठच्या माणसांचे खटले लढल्यामुळे कराराच्या कागदाआड लपलेली गुलामी त्याला लवकर दिसली असेल. तसं असेल तर मागच्या खुर्चीने त्याची नजर तीक्ष्ण केली असंच म्हणावं लागेल.

५. स्वतःच्या नोटेविरुद्ध निकाल

आता खरी कसोटी. केंटकीतल्या श्रीमती हेपबर्न यांनी २० जून १८६० ला एक वचनचिठ्ठी लिहून दिली होती. हेन्री ग्रिसवोल्ड यांना २० फेब्रुवारी १८६२ रोजी ११,२५० डॉलर देईन, असं त्यात म्हटलं होतं. तारखा पुन्हा पाहाव्यात. देणं फेडायचा दिवस २० फेब्रुवारी, आणि नोटांचा कायदा २५ फेब्रुवारीचा. ज्या दिवशी पैसे द्यायचे होते त्या दिवशी देशात सोन्या-चांदीच्या नाण्याखेरीज दुसरं कायदेशीर चलन नव्हतं. पैसे दिले गेले नाहीत. दावा झाला तेव्हा बाईंनी ग्रीनबॅक पुढे केल्या. १८६४ च्या जुलैतला भाव धरला, तर ११,२५० डॉलरच्या नोटा म्हणजे सोन्याचे ४,५०० डॉलरही नव्हते. जुन्या करारांनाही नवी नोट लागू करण्याचा अधिकार संसदेला आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

७ फेब्रुवारी १८७० ला निकाल लागला, चार विरुद्ध तीन. बहुमताचा निकाल चेसने स्वतः लिहिला, आणि तो नोटेच्या विरोधात गेला. कायदा होण्यापूर्वीच्या देण्यांवर ही नोट लादणं घटनेत बसत नाही. अर्थमंत्री चेसने काढलेली, चेसचा चेहरा असलेली नोट सरन्यायाधीश चेसने अंशतः अवैध ठरवली. युद्धाच्या गदारोळात शांतपणे विचार करायला सवड नव्हती, त्या वेळी योग्य वाटलेलं आज फेरविचार करता योग्य वाटत नाही, अशी कबुलीही त्याने निकालात दिली.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की ज्या निर्णयात आपला हात होता त्याचा खटला चेसने ऐकायलाच नको होता. आजच्या संकेतांप्रमाणे हा आक्षेप मी मान्य करतो. दुसरा आक्षेप असा, की हा माणूस वाऱ्यासारखा फिरणारा, मंत्री असताना एक आणि न्यायाधीश झाल्यावर दुसरं. इथे १८६२ चं ते पत्र कामाला येतं. नोट काढतानाही त्याला ती नको होती, म्हणजे मत फिरलं नव्हतं, नाइलाज संपला होता. तिसरा आक्षेप सर्वांत कडवा: डेमोक्रॅट पक्षाची उमेदवारी मिळावी म्हणून त्याने हे केलं. पण त्या पक्षाच्या पश्चिमेकडच्या मोठ्या गटाला, खुद्द चेसच्या ओहायोतल्या डेमोक्रॅटांना, ग्रीनबॅक अधिक हव्या होत्या. त्यांना खूश करायचं असतं तर निकाल उलट द्यायला हवा होता.

लिंकनचा हिशोब चुकला तो इथे. ज्याची मतं ठाऊक आहेत असा माणूस त्याने निवडला होता, पण मंत्र्याचं कृत्य आणि माणसाचं मत यांत त्याने गल्लत केली. मंत्री मत बाजूला ठेवून निभावून नेतो, न्यायाधीशाला ते मत परत उचलता येतं.

हा निकाल टिकला नाही. तो जाहीर झाला त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ग्रँटने दोन रिकाम्या जागांसाठी विल्यम स्ट्राँग आणि जोसेफ ब्रॅडली यांची नावं सेनेटकडे पाठवली. दोघे आले, आणि १ मे १८७१ ला न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उलट निकाल देऊन नोट वैध ठरवली. चेस या वेळी अल्पमतात होता आणि आपल्या मतावर ठाम होता. कायद्याच्या दृष्टीने कोण बरोबर होतं, यावर अर्थतज्ज्ञ आणि वकील बराच काळ भांडले. माझ्या मते देशाच्या गरजेच्या बाजूने नंतरचा निकाल अधिक शहाणपणाचा होता. पण आपला प्रश्न निकाल बरोबर होता का हा नाही. जुन्या खुर्चीने न्यायाधीशाचा हात धरला का, हा आहे. तिने तो धरला नाही.

६. १८६८ चा उन्हाळा

दोन वर्षं मागे जाऊ. लिंकनच्या खुनानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले अँड्र्यू जॉन्सन आणि रिपब्लिकन संसद यांच्यात टोकाचं वैर झालं होतं. संसदेच्या मनाई-कायद्याला न जुमानता जॉन्सननी युद्धमंत्री स्टँटन यांना काढलं आणि २४ फेब्रुवारी १८६८ ला प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला. महाभियोगाचं काम सेनेटपुढे चालतं. आरोपी खुद्द राष्ट्राध्यक्ष असेल तर अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश बसतो. दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे त्या वेळच्या ५४ सेनेटरांपैकी ३६.

रिपब्लिकन पुढाऱ्यांना हे काम पक्षाच्या बैठकीसारखं उरकायचं होतं. चेसने ते न्यायालयासारखं चालवलं. कोणता पुरावा घ्यायचा यावर तो आधी स्वतः निर्णय देई, मतं समसमान पडली तेव्हा आपलं मत टाकण्याचा हक्कही त्याने बजावला. आरोपीच्या वकिलांना बोलू दिलं गेलं. १६ मे रोजी मतदान झालं: दोषी ३५, निर्दोष १९. एका मताने जॉन्सन वाचले. चेसचे जुने सोबती त्याला फितूर म्हणू लागले. जॉन्सन गेले असते तर त्यांच्या जागी येणारे सेनेटर बेन वेड हे ओहायोचेच, चेसचे जुने प्रतिस्पर्धी, म्हणून ही सारी निःपक्षपाताची वस्त्रं द्वेषाने विणलेली, असंही म्हटलं गेलं. पण चेसने दडपण आणलं असेल तर ते सर्वांत आधी कोणावर आणलं असतं? त्याची थोरली मुलगी केट हिचा नवरा विल्यम स्प्रेग सेनेटर होता. त्याने जॉन्सन दोषी असंच मत दिलं. निकालपत्रं आणि कामकाजाच्या नोंदी पाहता चेसचं वागणं न्यायाधीशाला शोभणारं होतं, असंच माझं मत आहे.

आणि मग जुलै आला. न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅट पक्षाचं अधिवेशन भरलं आणि सरन्यायाधीशाचं नाव उमेदवारीसाठी फिरू लागलं. बायकांना सभागृहात प्रतिनिधी म्हणून जागा नव्हती, म्हणून केट हॉटेलात मुक्काम ठोकून वडिलांसाठी माणसं जोडत होती. चेस वॉशिंग्टनहून पत्रं आणि तारा पाठवत होता. आयुष्यभर कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराची बाजू घेतलेला हा माणूस आता तो प्रश्न राज्यांवर सोपवायला तयार झाला होता. पक्षाने उमेदवारी होरेशियो सीमूर यांना दिली. चेसच्या पदरात मोजकीच मतं पडली.

दोन महिन्यांपूर्वीच्या निःपक्ष कामावर या खटपटीने सावली पडली. मे महिन्यात त्याने जे केलं ते कायद्यासाठी की जुलैसाठी, हा प्रश्न लोकांनी विचारला, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार होता. मी मघाशी केला तो बचाव कागदपत्रं शांतपणे तपासून करता येतो, पण ज्या नागरिकाने १८६८ चा उन्हाळा अनुभवला त्याच्याकडून ही अपेक्षा कशी करायची? आपल्याकडे १९६७ मध्ये सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांनी फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्याचा गाजलेला निकाल दिला आणि एप्रिलमध्ये पद सोडून विरोधी पक्षांतर्फे राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. त्यांनी निदान आधी राजीनामा दिला, चेसने तेही केलं नाही. तरीही गोलकनाथ निकालाकडे काही लोक संशयाने पाहू लागलेच. मागचं पद बंद झालेल्या खात्यासारखं असतं. त्यातली प्रत्येक नोंद लोकांना दिसते, ताळा करता येतो. पुढच्या पदाचा हिशोब माणसाच्या मनात असतो, आणि तो तपासायला कोणाकडेच वही नसते.

यावर कोणी म्हणेल, मग महत्त्वाकांक्षा नसलेलीच माणसं नेमावीत. अशी माणसं फार नसतात. मटिल्डासाठी उभा राहणारा चेस आणि केटकरवी प्रतिनिधी मोजून घेणारा चेस एकाच मुशीतून आलेले आहेत. महत्त्वाकांक्षा काढून घेतली असती, तर १८३७ मध्ये तो मुकाट्याने कर्जवसुलीचे दावे चालवत बसला असता. काढून घ्यायला हवी ती वाट. तहहयात नेमणुकीमागचा हेतू तोच होता, की इथून पुढे जायला जागाच नसावी. अमेरिकेच्या घटनेने ते दार लोटलं, पण कडी घातली नाही. जिथे न्यायाधीश साठी-पासष्टीला निवृत्त होतात आणि पुढे राज्यपालपद, आयोग, संसदेतली जागा अशी दारं सताड उघडी असतात, तिथे ही कडी अधिकच गरजेची आहे.

७. १५ एप्रिल १८७३

१८७० च्या ऑगस्टमध्ये चेसला पक्षाघाताचा झटका आला. १८७२ मध्ये त्याचं नाव पुन्हा एकदा उमेदवारीसाठी निघालं, पण जिथे त्याची वकिली सुरू झाली त्या सिनसिनाटीत भरलेल्या अधिवेशनाने दुसऱ्याची निवड केली. त्यानंतर मागण्यासारखं काही उरलं नाही. शरीर थकलं होतं, बोलणं जड झालं होतं.

शिकागोच्या मायरा ब्रॅडवेल कायद्याचं साप्ताहिक चालवत. वकिलीची परीक्षा त्यांनी उत्तीर्ण केली होती, पण इलिनॉय राज्याच्या न्यायालयाने बाई म्हणून सनद नाकारली. त्या सर्वोच्च न्यायालयात आल्या. १५ एप्रिल १८७३ ला निकाल लागला. आठ न्यायाधीशांनी त्यांचं म्हणणं फेटाळलं. एकाने तर बाईची जागा घरात आहे आणि तो निसर्गाचाच नियम आहे, असं सविस्तर लिहिलं. विरोधात एकच मत पडलं, सरन्यायाधीशाचं. कारणं लिहायची ताकद त्याच्यात राहिली नव्हती. सरन्यायाधीश या निकालाशी आणि त्यासोबतच्या सर्व मतांशी असहमत आहेत, एवढीच नोंद खटल्याच्या अहवालात आहे.

तीन आठवड्यांनी, ७ मे रोजी, न्यूयॉर्कमध्ये चेस वारला. मायरा ब्रॅडवेल यांना इलिनॉयच्या न्यायालयाने १८९० मध्ये, त्यांनी पुन्हा अर्ज न करता, सनद दिली.